बुडबुडे कुठून येतात

बुधवार, २२ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘आम्ही सगळे इकडे मजेत’ असं लिहायची हाताला इतकी सवय आहे, की आत्ताही ‘आम्ही सगळे’ इथपर्यंत लिहून झालं होतं. तो कागद फाडला आणि हा घेतला. तुझी तब्येत कशी आहे? सासूबाईंच्या पाठीच्या जखमा भरतायत का? त्यांना कुशीवर वळवताना एकटीने ओढाताण करू नकोस, शेजारच्या कुणाला तरी हाक मार. तुझी कंबर आधीच धड नाही. इकडे थंडी पडायला लागलीय. माझा खोकला आहे तसाच आहे, तो आता घरातलाच झालाय.

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंयस, ‘लोक भेटायला येतात, विचारतात काय झालं, मी म्हणते गॅस. मग विचारतात वाइनच्या कारखान्यात कसला गॅस, आणि मी गप्प बसते. माझा नवरा आयुष्यभर जे काम करत होता ते काय होतं हेच मला माहीत नाही. तू तिथे आहेस, तर नीट समजावून सांग. बुडबुड्यांनी माणूस मरतो कसा?’

आता विचारलंस कुणाला, तर मला! मी जन्मभर लोकांच्या पँटी ढिल्या आणि घट्ट करणारा माणूस. शिवणाचं दुकान बसलं, दाजींनी शब्द टाकला, म्हणून मागच्या हिवाळ्यात इथे चिकटलो. मला जे कळतं ते सगळं दाजींनी सांगितलेलं आहे, आणि त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलंय. तरी सांगतो. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्याजवळ कायम कुणी ना कुणी बसलेलं असतं, आणि मला मध्ये थांबता येत नाही.

पहिल्या दिवशी मी दाजींना विचारलं, ‘यात सोडा कुठून भरतात?’ मला आपलं वाटलं, पाइप असेल, मशीन असेल. अख्खं तळघर हसलं. लंबू तर हसून हसून जमिनीवर बसला. लंबू तुला आठवत असेल, टाक्या धुणारा, दाजींचा जोडीदार. मागे एकदा त्यांच्याबरोबर तुझ्याकडे आला होता आणि येता-जाता दोन्ही वेळा चौकटीला डोकं आपटून घेतलं होतं त्याने. तर त्या दिवसापासून माझं नावच ‘सोडा’ पडलं. ‘ए सोडा, ती ट्रॉली इकडे घे.’ मी पण ओ द्यायला लागलो, काय करणार.

तर सोडा बाहेरून भरत नाहीत. द्राक्षं जरा आंबट असतानाच तोडतात, रस काढतात, टाकीत भरतात. त्यात यीस्ट घालतात, आपण पावात घालतो त्याचंच भावंड. ते जिवंत असतं. ते रसातली साखर खातं आणि त्याची एक दारू करतं आणि एक गॅस. दारू रसातच राहते. गॅस वर येतो आणि निघून जातो. खाली जाळ नसताना टाकी दिवसरात्र उकळत असते, कान लावला की ऐकू येतं. साखर संपली की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन तळाला बसतं. वर उरते ती पातळ आंबट वाइन. मी चाखली होती. दाजी म्हणाले, ‘मेहुणेबुवा, तोंड जागेवर येईपर्यंत आरशात बघू नका.’

इथपर्यंत ती साधीच वाइन. मग ती बाटलीत भरतात, त्यात परत थोडी साखर आणि परत थोडं यीस्ट, आणि वर पत्र्याचं झाकण ठोकून बंद. आत पुन्हा तोच उद्योग सुरू होतो, फक्त या वेळी गॅसला बाहेर जायला वाट नसते. तो मग वाइनमध्येच मुरतो. बाटल्या तळघरात आडव्या पडून राहतात, दीडदोन वर्षं. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या तिप्पट दाब असतो म्हणे आत. मधूनच एखादी फुटते, म्हणून तिकडे जाताना तोंडावर जाळी बांधायची. मी पहिल्यांदा ती उलटी बांधली होती. असो.

मग दाजींचं काम. बाटलीत मेलेलं यीस्ट असतं, ते बाहेर काढायला हवं, आणि गॅस तर जायला नको. म्हणून बाटल्या लाकडी फळ्यांच्या भोकांत मान खाली करून खोचतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवतात. गाळ सरकत सरकत झाकणापाशी येऊन बसतो. शेवटी नुसती मान गोठवायची, झाकण उडवायचं, गाळाचा बर्फाचा बोळा ठक्कन बाहेर. कमी झालेली जागा गोडसर वाइनने भरायची, बूच, तार, झालं. दाजी दोन्ही हातांनी दोन बाटल्या एकदम फिरवायचे, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तोंडाने तुझ्या तक्रारी चालू. ‘तुझी बहीण म्हणते, मी घरी आलो की झाकणंसुद्धा फिरवत नाही.’ माझ्याने एका हाताने एक बाटली धड फिरत नाही अजून. आता त्यांच्या फळ्या मला दिल्या आहेत.

म्हणजे ताई, लोक ग्लासात बघत बसतात ते बुडबुडे म्हणजे हाच गॅस. बाटलीत असतो तेवढ्याने काही होत नाही, ढेकर येतो. टाकीत मात्र तो ढीगभर तयार होतो. आणि तो हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखा खाली साठतो. दिसत नाही. सोडा घाईने प्यायल्यावर नाकात झिणझिण्या येतात ना, तेवढंच कळतं, आणि ते कळेपर्यंत गुडघे गेलेले असतात. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. बुडबुडा फुटून माणूस मरत नाही. बुडबुडे फुटून गेल्यावर जे उरतं त्यात तो उतरतो.

आमच्याकडे मागच्या बाजूला जमिनीखालच्या जुन्या सिमेंटच्या टाक्या आहेत. फरशीत लोखंडी झाकण, ते उचललं की खाली शिडी. वाइन काढून घेतली की तळाचा गाळ खरवडायला माणूस उतरतो. मी कामाला लागलो त्याच आठवड्यात दाजी मला तिथे घेऊन गेले. म्हणाले, आधी पंखा लावून आतली हवा काढायची. मग दोरीला मेणबत्ती बांधून सोडायची, ती विझली तर उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर एक माणूस. आणि मग माझं मनगट धरून म्हणाले, ‘आत कुणी पडला तर त्याच्यामागे जायचं नाही. मी पडलो तरी नाही. मागून जाणारा घाईत असतो, धापा टाकत असतो, तो पहिल्याच्या आधी संपतो. म्हण बघू.’ मला शाळेतल्यासारखं म्हणायला लावलं त्यांनी. मी म्हटलं.

आता लंबूचं. नियम हा असला तरी जुने लोक मेणबत्तीच्या भानगडीत पडत नाहीत. ते फरशीवर पालथे पडतात आणि झाकणाला कान लावतात. आत खदखद असेल तर टाकी जागी आहे म्हणायचं, काही ऐकू आलं नाही तर झोपली. दाजींचा कान नावाजलेला होता. इतर लोक त्यांना बोलावून न्यायचे, ‘जरा ऐकता का?’ लंबूला कान लावायला त्यांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी पंखा जळाला होता, दुरुस्तीला नेला होता, तो संध्याकाळी येणार होता. लंबूने कान लावला. काही ऐकू आलं नाही. ‘झोपलीय’, असं म्हणून तो उतरला. आणि खरंच झोपली होती ती! नवा गॅस तयार होत नव्हता, तर ऐकू काय येणार? आधी तयार झालेला तसाच तळाशी पडून होता, त्याला आवाज कुठला? इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही, कारण दर वेळी पंखा आधी लागलेला असायचा आणि श्रेय कानाला जायचं. राग येतो मला, ताई. लंबूचा येतो, दाजींचा पण येतो. मेलेल्या माणसांवर रागावून काय करायचं ते मात्र कळत नाही.

दाजी उतरले ते लंबूला काढायला. एवढं तुला मी फोनवर सांगितलंच होतं.

जेवून आलो. जेवलो म्हणजे ताटासमोर बसून आलो. तुझ्या बारकीने स्वयंपाक केला होता, एका हाताने. ताट माझ्यासमोर ठेवलं आणि आत गेली. ती माझ्याशी बोलत नाही, ताई. तू आली होतीस त्या दिवशी ती कुणाशीच बोलत नव्हती, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. तू तिला हाताने भरवत होतीस आणि म्हणत होतीस, ‘पायऱ्यांवर एवढी कशी घसरलीस गं, लक्ष कुठे होतं?’ आणि ती माझ्याकडे बघत होती.

ती पायऱ्यांवरून पडलेली नाही. तिचा हात मी मोडला.

मी तुला सांगितलं होतं की बारकी त्या वेळी तिथे नव्हती, ती बाटल्यांना लेबलं लावते त्या खोलीत होती. तेही खोटं. ती तिथे होती. दाजी टाकीपाशी आले तेव्हा ती झाकणाजवळच उभी होती. मी मागून धावत आलो, माझे गुडघे तुला माहीतच आहेत. खाली लंबू गाळात पालथा दिसत होता. मी म्हटलं, ‘दाजी, थांबा, तुम्हीच सांगितलंय.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘अरे, कान लावायला त्याला मीच शिकवलं ना.’ एवढंच. आणि शिडीला लागले. मला त्यांना धरता आलं नाही, मी हात पुढे करेपर्यंत ते खाली होते. त्यांनी लंबूच्या काखेत हात घातले, एकदा उचललं, आणि मग बुटाची नाडी बांधायला बसावं तसे खाली बसले.

बारकीने शिडीवर पाय टाकला. तिला मात्र मी धरलं. हात पकडला, मागे ओढला, पिरगाळला, ती सुटायला बघत होती म्हणून आणखी पिरगाळला आणि तिला फरशीवर पालथं पाडून वर बसलो. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तरी सोडलं नाही. ती चावली मला, डाव्या दंडाला, अजून व्रण आहे. ‘मामा, सोड, बाबा जिवंत आहेत, मामा, सोड ना रे.’ लोक जमले, कुणी अग्निशामकवाल्यांना फोन केला. ते पाठीला हवेच्या टाक्या लावून उतरेपर्यंत मी तिच्यावर बसून होतो.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, दोन-चार श्वासांत शुद्ध गेली असणार, त्यांना काही कळलं नसेल. मी ते बारकीला सांगितलं, तुलाही सांगितलं. आता तू विचारलंयस म्हणून खरं लिहितो, आणि हे तू वाचून मनात ठेव. मी तिच्यावर बसलो होतो तिथून मला आत दिसत होतं. तिचं तोंड फरशीकडे होतं, तिला दिसत नव्हतं. दाजींचा एक हात शिडीच्या खालच्या पायरीवर होता. बोटं हलत होती. पायरी पकडायला बघत होती. बराच वेळ. मला ती बोटं दिसत होती आणि मी तिथेच बसून राहिलो. एकदा मनात आलं, की हिला कुणाच्या तरी ताब्यात द्यावी आणि श्वास कोंडून एकदा जाऊन यावं. गेलो नाही. माझा जीव मला प्यारा होता, की पाठ केलेला नियम आठवला, की खाली ही धडपडत होती म्हणून, ते मला सांगता येत नाही. खूप वेळा विचार करून पाहिला. पुन्हा तशी वेळ आली तर तिला पुन्हा धरीन, एवढं पक्कं माहीत आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. बारकी रविवारी तुझ्याकडे येतेय, कायमची. काल सामान बांधताना भिंतीकडे बघून म्हणाली, ‘आईला सगळं सांगणार आहे मी. तू बाबांना मरू दिलंस, हे तिला कळायला हवं.’ पत्र तिच्या आधी पोचावं म्हणून उद्या सकाळी पहिल्या टपालात टाकतो.

ती तुला सांगेल की मामाने सोडलं असतं तर बाबा वाचले असते. ताई, ते खरं नाही. ती उतरली असती तर तू दोघांना पोचवायला आली असतीस. हे मला माहीत आहे, अग्निशामकवाल्यांनाही माहीत आहे, तुलाही हे सगळं वाचून कळलं असेल. पण तू तिला तसं सांगू नकोस. माझी बाजू घेऊ नकोस. ती रडेल, मला शिव्या देईल, तेव्हा ‘अगं, त्याने तुझ्यासाठीच केलं’ हे वाक्य तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, येईल म्हणून सांगतो.

का ते सांगतो. दाजी त्या वेळी फळ्यांपाशी होते, मी त्यांच्याबरोबर होतो. टाक्या पार दुसऱ्या टोकाला. लंबू पडला ते त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. बारकी त्यांना जेवायला बोलवायला म्हणून टाक्यांच्या बाजूने येत होती, तिने उघडं झाकण पाहिलं, आत पाहिलं, आणि ओरडली, ‘बाबा, लवकर या, लंबूकाका पडले!’ ती हाक मी ऐकली. दाजींच्या हातात दोन बाटल्या होत्या, त्या तशाच टाकून ते पळाले.

कुणीही हाक मारली असती. मी असतो तरी त्यांनाच मारली असती, टाक्यांचं काही झालं की सगळे दाजींनाच हाक मारायचे. पण ती मारली तिने. हे तिला आठवत नाही, किंवा आठवतं आणि ती तिकडे बघत नाही. तिचा सगळा राग माझ्यावर आहे, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि त्या रागावर ती उभी आहे. खाते, पिते, एका हाताने का होईना स्वयंपाक करते. ज्या दिवशी तिला मी बरोबर वाटेन, त्या दिवशी ती दुसरं कोण चुकलं ते शोधायला लागेल. आणि तिला फार शोधावं लागणार नाही.

म्हणून एक प्रश्न तू तिला कधी विचारू नकोस. दाजी तिकडे गेले कसे, त्यांना बोलावलं कुणी, हे. तुझ्याकडे येणारे लोक विचारतील, त्यांनाही विचारू देऊ नकोस. म्हणावं, भावाने बोलावलं. मी पण इकडे हेच सांगतो. लंबूच्या बायकोला तसंच सांगितलंय, स्वतः न उतरता दाजींना हाक मारली म्हणून ती माझ्या तोंडावर थुंकली नाही एवढंच.

तुझ्या एकटीच्या डोक्यावर हे टाकतोय, त्याचं मला वाईट वाटतं. तुला रडायलाही मोकळीक ठेवली नाही मी. पण दुसरं कोण आहे?

बारकी बसमधून उतरली की तिची पिशवी उजव्या हातात देऊ नकोस. प्लास्टर निघायला अजून वेळ आहे, आणि खांद्यापाशी खाज येते तिला, विणकामाची सुई दे, बरं वाटतं तिला. ती पोचली की ‘पोचली’ एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस, ती पत्रं बघते.

तुझा भाऊ,
पण तिच्यासमोर तसं म्हणू नकोस.